निरंक दिवसांची वही

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. तोपर्यंत जवळजवळ वीस वर्षं मी पोरांना जहाजं मोजायला शिकवत होतो.

मी मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा, कोकणातल्या नव्हे. नोकरी झाली नांदेड जिल्ह्यात, नायगावच्या अलीकडच्या एका महाविद्यालयात. त्याचं नाव लिहीत नाही. आता तिथं सगळे नवे लोक आहेत आणि या हकिकतीतला दोष त्यांचा नाही. माझा विषय इतिहास. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला चीनचा एक पेपर असे आणि तो विभागातल्या सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडे. माझ्या गळ्यात पडला तो निवृत्तीपर्यंत निघाला नाही. पुढं मी त्यातच पीएच.डी. केली. विषय होता कँटन बंदरातला जकातीचा कारभार आणि त्याचं दप्तर. मला चिनी भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. परदेशी व्यापाऱ्यांनी चिनी शिकू नये असा बादशाही नियम होता म्हणतात. कँटनमध्ये राहून तो मोडणारे निघाले. मी मात्र नांदेड जिल्ह्यात बसून तो काटेकोर पाळला.

हे दप्तर काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेल्या जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी कँटन हे एकच बंदर मोकळं होतं. तिथल्या जकातीच्या मुख्य अधिकाऱ्याला परदेशी लोक होप्पो म्हणत. जहाज नदीत शहराच्या खालच्या अंगाला थांबे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जकातीच्या दोन नावा बांधल्या जात, म्हणजे कोण चढलं, काय उतरलं ते दिसावं. मग होप्पो वाजतगाजत मोजणीला येई. पुढच्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंत लांबी, मधल्या डोलकाठीपाशी रुंदी, दोन्हींचा गुणाकार, भागिले दहा. त्यावरून जहाजाचा कर ठरे. प्रत्येक जहाजाला एक स्थानिक व्यापारी जामीन राही. खलाशानं दारू पिऊन दंगा केला तरी मान अडके जामीनदाराची. माल छोट्या होड्यांतून शहराकडे जाई, वाटेत नाके लागत आणि दर नाक्यावर परवान्यावर शिक्का पडे. शेवटी मोठा परवाना हाती आल्याशिवाय जहाज हलत नसे.

आमच्या पोरांना यातलं जहाज सोडून सगळं समजे. निजामाच्या काळात जकातीला करोडगिरी म्हणत, त्याच्या आठवणी घराघरांत होत्या. एकदा जामीनदाराचा भाग शिकवत होतो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या आज्यानं करोडगिरीचा नाका चुकवून मिठाचं पोतं आणल्यालं."

"मग? सापडले का?"

"न्हाई सर. नाकेदार आमच्यातलाच हाय म्हनून."

कँटनवरची माझ्याकडची दोन जाडजूड पुस्तकं एवढंच सांगत होती, फक्त जास्त पानांत.

मोजणी शिकवायला मी एकदा वर्ग घेऊन एसटी स्टँडवर गेलो. उभ्या बसला टेप लावला. पुढचं चाक ही एक डोलकाठी, मागचं चाक ही दुसरी. ड्रायव्हर खाली उतरला.

"काय पंचनामा करून राहिले का? कुठं ठोकली मी गाडी?"

"नाही हो. आज हे चीनला गेलेलं जहाज आहे. मोजून राहिलो."

कंडक्टर दारात उभा होता. त्यानं विचारलं, "मग तिकीट कोणत्या टप्प्याचं फाडू?"

त्या वर्षी मोजणीचा प्रश्न परीक्षेत आला आणि सगळ्यांनी बरोबर लिहिला. दोघांनी उत्तरात होप्पोच्या जोडीला कंडक्टरही लिहिला होता.

आमचे ग्रंथपाल यशवंत सोनकांबळे. उमरीचे. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांना शाळेत दाराबाहेर बसून शिकावं लागलं होतं. त्यांनी मुलाला ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यायला लावली. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पुस्तकं झटकता झटकता. माझ्या पीएच.डी.ची इंग्रजी पुस्तकं त्यांनी कुठून कुठून पत्रं लिहून मागवली. पुस्तक आलं की आधी स्वतः वाचत, मग मला देत. त्यामुळं मी पान उघडायच्या आधी त्यांचा प्रश्न तयार असे.

"सर, यात लिहिलंय, मोजताना पट्टी ढिली धरायचे. मग वहीतला आकडा खोटाच झाला की."

"सगळाच नाही. थोडा."

"त्या होप्पोच्या कचेरीत एखादा तरी कारकून खरं लिहीत असेल."

"असेलही. पण तसल्या माणसाचं नाव मागं राहत नाही."

मला हे उत्तर फार आवडलं होतं. पुढं मी ते व्याख्यानांतही वापरलं.

सोनकांबळ्यांच्या ग्रंथालयात दाराशी एक वही असे. वाचक आला की नाव, वर्ग आणि काय वाचलं ते लिहायचं. संध्याकाळी साडेपाचला ते त्या दिवसाची बेरीज मोठ्या नोंदवहीत उतरवत. शाईचं पेन, निळी शाई, ओळीला पट्टी लावलेली. चार. सात. दोन. परीक्षेच्या दिवसांत तीस-चाळीस. आणि ज्या दिवशी कुणीच येत नसे, त्या दिवशी सरकारी पत्रात लिहितात तसं: निरंक. पेरणीच्या दिवसांत निरंक. बसचा संप, निरंक. शेजारच्या गावात लग्न, निरंक. पुढं कधीतरी ही वही उघडणाऱ्याला त्या भागातली पेरणी कधी झाली तेसुद्धा काढता आलं असतं. इतिहासाच्या माणसाला दप्तर हवं ते असं.

मग आमच्या महाविद्यालयाची तपासणी ठरली. समिती येणार, पाच वर्षांचं दप्तर पाहणार, श्रेणी देणार. श्रेणी घसरली तर तुकड्या बंद होतील अशी हवा होती. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"डॉक्टर, तुमची पीएच.डी.च नोंदवह्यांवर आहे. तुमच्याइतका जाणकार आपल्याकडं दुसरा कोण? तुम्ही दप्तर समन्वयक."

मी मान डोलावली. मला बरं वाटलं हेही लिहितो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला कँटनची गरज पडली होती.

दप्तर पाहायला गेलो तर पाहण्यासारखं काही नव्हतं. इतिहास मंडळाच्या सभा, शैक्षणिक सहली, पाहुण्यांची व्याख्यानं, पालक मेळावे, यांपैकी पुष्कळ गोष्टी झाल्याच नव्हत्या आणि ज्या झाल्या त्या कुणी लिहिल्या नव्हत्या. दिवाळीच्या सुट्टीत मी विभागात बसलो आणि पाच वर्षं लिहायला घेतली.

इथं माझा अभ्यास उपयोगी पडला. होप्पोच्या कचेरीचं स्वतःचं दप्तर फारसं उरलेलं नाही. त्या काळाबद्दल आपल्याला जे कळतं ते बरंचसं परदेशी कंपन्यांच्या वह्यांतून, आणि त्या वह्या विश्वासाच्या का वाटतात तर त्या गचाळ आहेत. शाई बदलते, हात बदलतो, मधेच पान कोरं, कुठं बेरीज चुकलेली. मी तसंच केलं. चार पेनं आणली. काही सभा डाव्या हातानं लिहिल्या. एका व्याख्यानाला पाहुण्यांची जीप नरसीला बंद पडली म्हणून ते रद्द केलं. एक पालक मेळावा गणसंख्येअभावी तहकूब केला. दोन ठिकाणी बेरीज मुद्दाम चुकवली आणि खाली माझीच बारीक सही करून दुरुस्त केली.

आमचा शिपाई मारोती चहा आणून देई. मी ग्लास वहीवर ठेवून गोल डाग पाडी.

"मारोती, अजून एक चहा आण."

"सर, प्यायला का वहीला?"

"वहीला."

"मग साखर कमी टाकाया सांगतो. मुंग्या लागत्याल."

वह्या चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या. खाली आणल्या तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला. इतकं चांगलं काम मी प्रबंधातही केलेलं नव्हतं.

ग्रंथालयाची वही मात्र प्राचार्यांना पसंत पडली नाही. त्यांनी सोनकांबळ्यांना आमच्यासमोर बोलावलं.

"निरंक, निरंक काय लिहून ठेवलंय? समिती काय म्हणेल?"

"त्या दिवशी कुणी आलं नाही साहेब."

"अहो, मग आणायचं ना कुणीतरी."

"वहीत?"

प्राचार्य माझ्याकडं पाहू लागले. दुपारी मी ग्रंथालयात गेलो. समन्वयक म्हणून गेलो, असं स्वतःला सांगत गेलो.

"सोनकांबळे सर, नवी वही घ्या. आकडे थोडे वाढवा. सगळेच करून राहिलेत."

त्यांनी टेबलावरचं पेन टोपण लावून बाजूला ठेवलं. "जमलं असतं तर केलं असतं सर. एकदा बसलो पण होतो. अक्षरच वळंना."

"एवढं काय त्यात?"

"तुम्हाला वळतं. तुम्ही शिकलेले," ते म्हणाले. टोमणा होता की नाही, मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, नव्हता.

समिती आली. तिघं जण. अध्यक्ष पुण्याकडचे, बारीक चणीचे, फार सभ्य. वह्या सभागृहात लांब टेबलावर मांडल्या होत्या. त्यांनी माझी इतिहास मंडळाची वही उघडली, जीप बंद पडल्याची नोंद वाचली, हसले. चहाच्या डागावरून बोट फिरवलं.

"हे बघा," ते सहकाऱ्यांना म्हणाले. "याला म्हणतात जिवंत दप्तर. काम करणाऱ्या लोकांच्या वह्या अशाच असतात."

मग ग्रंथालयाची वही आली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं.

"ही एका बैठकीत लिहिलेली आहे."

"नाही सर," सोनकांबळे म्हणाले. "रोज लिहिली. साडेपाचला."

"पाच वर्षं एकच शाई? एकच पेन?"

"हो. निब दोनदा बदलली."

सगळे हसले. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं वळले. "डॉक्टर, तुमचा तर अभ्यासच जुन्या दप्तरांचा. तुम्हाला काय वाटतं? ही वही खरी वाटते?"

आमच्या कामातला एक साधा नियम आहे. लिहिणाऱ्याच्या तोट्याची नोंद सहसा खरी असते. खोटं लिहायला बसलेला माणूस वाचक वाढवेल. तो आठवड्यातून दोनदा निरंक कशाला लिहील? एवढं एक वाक्य होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी ते शिकवत असे. पण ते मी म्हणालो असतो तर अध्यक्षांनी पुन्हा माझी वही जवळ ओढली असती. मग ते पाहुणे, त्या सहली, ती नरसीला बंद पडलेली जीप.

सोनकांबळे माझ्याकडं पाहत होते. काकुळतीनं नाही. पुस्तकातला अडलेला प्रश्न विचारून थांबत, तसे थांबले होते.

मी म्हणालो, "आमचे ग्रंथपाल फार नीटनेटके आहेत."

"ते दिसतंच आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. प्राचार्यांनी लगेच सगळ्यांना चहाला उठवलं.

श्रेणी चांगली मिळाली. अहवालात इतिहास विभागाच्या नोंदींचं वेगळं कौतुक होतं. पुढं आसपासच्या दोन महाविद्यालयांतले लोक माझ्या वह्या नमुना म्हणून पाहून गेले. ग्रंथालयाबद्दल एक ओळ होती: वाचकनोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत. त्या ओळीवरून सोनकांबळ्यांना खुलासा मागणारं पत्र निघालं. त्यांनी उत्तर दिलं: "नोंदी रोजच्या रोज केल्या आहेत. यापुढेही करीन." पुढं करण्याचा प्रश्न आला नाही, कारण संस्थेनं ती वही त्यांच्याकडून काढून कार्यालयाकडं दिली. कार्यालयातला कारकून महिन्यातून एकदा बसे आणि रोजचे चाळीस-बेचाळीस वाचक टाकी. त्यानंतर आमच्या ग्रंथालयात निरंक दिवस एकही उगवला नाही.

निवृत्तीला त्यांची चार वर्षं राहिली होती. ती त्यांनी पुस्तकं देण्यात-घेण्यात काढली. माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. नवं पुस्तक आलं की ठेवून देत, "सर, तुमच्या कामाचं आहे" म्हणत. फक्त कँटनबद्दल विचारणं त्यांनी सोडलं. आधी वाचून मग देण्याची सवयही गेली. पुस्तकांची कडेला न कापलेली पानं जोडलेलीच येऊ लागली. ती मीच फाडून घेई.

निवृत्तीनंतर ते उमरीला गेले. तिथल्या विहाराच्या कडेच्या खोलीत त्यांनी वाचनालय काढल्याचं कळलं. मी लातूरला स्थायिक झालो. एकदा नांदेडला काम होतं, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून उमरीला गेलो. त्यांना काय सांगायचं ते बसमध्ये पूर्ण तयार केलं होतं, परिच्छेद पाडून. गेलो, बसलो. त्यांनी खोली दाखवली, कपाटं दाखवली. पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचत होती. चहा झाला. गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. पाचच्या गाडीनं मी परत आलो.

यंदा उन्हाळ्यात ते गेल्याचं महिन्याभरानं समजलं. जुन्या ओळखीतून ओळखीत बातमी फिरत आली. मी उमरीला गेलो तेव्हा सोनकांबळे वहिनींनी वाचनालय उघडलेलंच होतं. दाराशी टेबलामागं त्या स्वतः बसल्या होत्या.

"आले का सर? बसा. उन्हाचे लई लांब आले."

मी बसलो. त्यांनीच सांगितलं, कसं झालं, किती दिवस दवाखान्यात होते. मग म्हणाल्या, "हे म्हनायचे, मी नसलो तरी खोली बंद ठेवू नगा. आन् आल्याल्या मानसाची नोंद घ्या. मला चौथीपतुर येतं. तेवढं लिहिते."

टेबलावर वही होती. जवळजवळ तीच आखणी: तारीख, नाव, गाव, काय वाचले, शेरा. मी मागची पानं चाळू लागलो. निळी शाई, पट्टी लावलेल्या ओळी, अधूनमधून निरंक. मी मागं आलो होतो त्या दिवसाचं पान शोधायला वेळ लागला नाही. त्यांच्या वहीत काहीही लगेच सापडे.

माझं नाव होतं. गाव: लातूर. काय वाचले: निरंक. शेरा या रकान्यात लिहिलं होतं: "चहा घेतला. काही सांगायचे होते असे वाटले."

मी ते बराच वेळ वाचत बसलो. माझ्या हातच्या पाच वर्षांच्या वह्या त्या महाविद्यालयाच्या कपाटात आजही जपून ठेवलेल्या असतील. उद्या कुणी मराठवाड्यातल्या महाविद्यालयांवर प्रबंध लिहायला बसलं तर त्याला त्या फार उपयोगी पडतील. तो जीप बंद पडल्याची तळटीपही देईल. सोनकांबळ्यांची वही मात्र मुदत संपली म्हणून रद्दीत गेली. कँटनच्या खरं लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल मी दिलेलं ते आवडतं उत्तर मी असं स्वतः खरं करून दाखवलं.

"सर, आज आले तर आजची नोंद करा की," वहिनी म्हणाल्या आणि पेन पुढं केलं. पेन सोनकांबळ्यांचंच होतं.

नाव लिहिलं, गाव लिहिलं. काय वाचले इथं लिहिलं: ही वही. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागलो. खोटं लिहिणारा माणूस निरंक लिहीत नाही. ग्रंथालयाची वही खरी होती. मला त्या दिवशी ते माहीत होतं आणि विचारलं असताना मी सांगितलं नाही. खोट्या वह्या माझ्या होत्या. मजकूर रकान्यात मावला नाही. खालच्या दोन ओळींत उतरला, त्यांच्या पट्टीच्या रेघा ओलांडून. शाईच्या पेनाची सवय राहिली नव्हती, दोन ठिकाणी डाग पडले. हे डाग मी मुद्दाम पाडलेले नव्हते.

वहिनींनी वही आपल्याकडं फिरवून घेतली. अक्षर लावत, ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं. बराच वेळ लागला. माझ्याकडं वर पाहिलं नाही. शेवटी त्यांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सर, तारीख राह्यली."

मी तारीख टाकली. ज्या दिवशी लिहिलं, त्या दिवसाचीच.